ओसाड वाड्याची कादंबरी: घड्याळाचा पेच सुटला

मागच्या नोंदीपर्यंत पुण्याच्या पेठेतला वाडा, 1897 चा प्लेग आणि विधवा नायिका एवढं ठरलं होतं. पण प्रेमकथा एकीकडे चालली होती आणि सासऱ्यांच्या मृत्यूचं रहस्य भलतीकडे. आता दोन्ही बैल एका जुवाला जुंपलेत, आणि ते जू म्हणजे रेल्वेची वेळ.

त्या काळी रेल्वे मद्रास टाइमवर धावायची. देशाची प्रमाणवेळ आली 1906 साली. मद्रास पुण्याच्या बरंच पूर्वेला, त्यामुळे सूर्यावर लावलेल्या पुण्यातल्या घड्याळात नऊ वाजले की मद्रास टाइमने जवळपास नऊ पंचवीस झालेले असत. माझ्या वाड्यातलं लंबकाचं घड्याळ सूर्यावर लावलेलं आहे. नायकाच्या चिठ्ठीत एवढंच, 'रात्री नवाची गाडी.' नायिका वाड्यातल्या वेळेच्या हिशोबाने निघते, पोचते तेव्हा फलाट रिकामा. हिने शब्द फिरवला असं समजून तो मुंबईला निघून गेलेला.

रेल्वेचा टाइम वेगळा असतो हे तिला कसं माहीत नाही, असं कुणी विचारेलच. लग्न होऊन आल्यापासून ती दिंडी दरवाजाबाहेर पडली ती देवदर्शनापुरती. गाडी तिने पाहिलेलीही नाही. त्याला हे लक्षात राहायला हवं होतं, आणि पुढची तीस वर्षं तो स्वतःला हेच विचारत राहतो.

आता दीर. तो म्हणतो, 'वाड्यातल्या घड्याळात पावणेनऊ झाले तेव्हा निघालो आणि नवाच्याच गाडीने मुंबईला गेलो.' म्हणजे हा ओसरीवरून उठला तेव्हा गाडी सुटून दहा मिनिटं झाली होती! सासरे गेले त्या रात्री तो पुण्यातच होता. नायिकेची गाडी चुकवणाऱ्या त्याच पंचवीस मिनिटांनी दिराचं पितळ उघडं पाडलं. हे जुळलं तेव्हा मी उठून चहा टाकला.

विधवाविवाह कायद्याने 1856 पासून मान्य होता, मग पळून का जायचं? 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तर मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. आमच्या नायकाची तर अजून नोकरीही कच्ची.

चिठ्ठीचा पुरावा मात्र वाड्यानेच दिला. मार्चमध्ये प्लेगचे रोगी शोधायला गोऱ्या सैनिकांची घरझडती सुरू झाली, घरं कार्बोलिकने धुतली, भिंतींना चुना फासला. चिठ्ठी सापडते ती बाळंतिणीच्या खोलीतल्या कोनाड्यात. तिथला मसुदा असा:

'नखाने चुना खरवडला तशी फळीची कड लागली. फळी निघाली ती चुन्याचा पापुद्रा घेऊनच. आत वाळवीने सोडलेला अर्धा कागद, त्यावर बालबोधीत चार ओळी.'

फळीवरून चुना सलग गेलाय, म्हणजे चिठ्ठी झडतीच्या आधीच आत गेली. 'मागाहून कुणी लिहून ठेवली' हा दिराचा दावा तिथेच संपतो.

दोन गोष्टी ठरवून टाळल्यात. एक, भुयार. पुण्यातल्या प्रत्येक वाड्यातून शनिवारवाड्याला भुयार जातं म्हणे. सगळी खरी असती तर पेठा केव्हाच खचल्या असत्या. दुसरी, प्लेग अधिकारी रँड. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला गोळीबार इतका मोठा आहे की तो प्रकरणात शिरला तर नायिका कोपऱ्यात बसते. म्हणून ती बातमी प्लेगमुळे लोक राहायला गेलेल्या गावाबाहेरच्या झोपड्यांत, माणसं कुजबुजतात तेवढीच येते.

उरलंय 1927 चं प्रकरण, वाडा उघडल्यानंतरचं. दोघांची भेट घडवू नये, असं आमच्या गटातल्या निम्म्या लोकांचं मत. मी घडवणार आहे. रहस्यात वाचकाला चकवावं, प्रेमात रिकाम्या हाती पाठवू नये. फक्त पहिलं वाक्य कोण बोलणार ते ठरत नाहीये. सध्या तरी तीच बोलते आणि गाडीची वेळ विचारते.