सोबतची व्यक्ती

सरकारी इस्पितळात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना मला सगळ्यात अवघड जातो तो डिस्चार्जचा दिवस. ऑपरेशनच्या वेळी कोणी काय करायचं ते ठरलेलं असतं. डिस्चार्जच्या वेळी विचारायचं एवढंच असतं की या माणसाला घरी कोण नेणार आणि नेल्यावर कोण बघणार. त्याचं उत्तर केसपेपरवर कुठे लिहिलेलं नसतं.

ही हकीकत गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या एका वस्तीवरच्या, मावशींची. नाव लिहीत नाही. सगळा वाडा त्यांना मावशीच म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. एका सकाळी पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, पाव घेऊन आला, हॉर्न वाजवला, आणि रोज पहिल्या हॉर्नला दारात येणाऱ्या मावशी आल्या नाहीत. तो सायकल टेकवून मागच्या दाराशी गेला. मावशी न्हाणीच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं. १०८ला फोन त्यानेच लावला. पोदेर मूळचा कर्नाटकातला, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे 'आपले' आणि 'भायले' (बाहेरचे) हा विषय निघणारच आहे.

मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली आणि उरलेल्या दिवसांसाठी त्यांना आमच्याकडे पाठवलं. फाईल उघडली तेव्हा अडचण दिसली. आधार कार्डावर पत्ता सावंतवाडी तालुक्यातला, मतदार ओळखपत्रही तिथलंच. भावाकडे गणपतीला गेल्या असताना वहिनीने दोन्ही करून घेतली होती. २०१८पासून बांबोळीच्या त्या मोठ्या इस्पितळात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आहे, त्यामुळे कागदाच्या हिशेबाने मावशी बाहेरच्या ठरल्या. ते पैसे वाड्यावरच्या बायकांनी स्वयंसहाय्य गटाच्या बचतीतून भरले. पण मावशी गेली तीस वर्षं आणि वर काही इथेच राहतात. विधवा झाल्यावर तेरेखोल नदी ओलांडून त्या एका घरात स्वयंपाकाला आल्या आणि तिथेच राहिल्या. घरमालकीण मधुमेहाने अंथरुणाला खिळली, तिचा पाय गेला, आणि शेवटपर्यंत तिचं सगळं मावशींनी केलं. मालकीण वारल्यावरही त्या त्याच घराच्या मागच्या खोलीत राहतात, घर झाडतात, तुळशीला पाणी घालतात.

पेडण्याच्या लोकांना नदीपलीकडचा मुलूख परका नाही. १७८८पर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांचाच होता. सोयरिकी आजही इकडून तिकडे होतात, भाषेतही फारसा फरक नाही. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या विरोधात ३४,०२१ मतं जास्त पडली आणि गोवा वेगळा राहिला. त्या कौलाबद्दल मला आज काही म्हणायचं नाही. आमच्या घरात दोन्ही बाजूंची माणसं होती. सांगायचं ते एवढंच की मावशी ओलांडून आल्या ती रेषा माणसांनी मतपेटीतून ठरवलेली आहे, आणि म्हातारपणी कुणाला किती आधार मिळायचा तेही त्या रेषेवरून ठरतं.

डिस्चार्जच्या दिवशी माझ्या छोट्या खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत. पलीकडून भाचा आला होता. वाड्यावरची पंच बाई होती, गटाच्या तिघी-चौघी होत्या, आणि शेजारी भाड्याने राहणाऱ्या गवंड्याची बायको कडेवर पोर घेऊन दारात उभी होती. मावशी खाटेवरून एकच सांगत होत्या, "माका माज्या घराक धाडा."

भाचा प्रामाणिक मुलगा. म्हणाला, "आत्या आमचीच आहे मॅडम, नेतो मी. पण दोन खोल्या आहेत, मी आणि बायको दोघंही कामाला येतो इकडे गोव्यात, रोज पूल ओलांडून. दिवसभर ती एकटीच पडणार." त्याने आधीच तिथल्या तलाठ्याकडे चौकशी केली होती. महाराष्ट्राची श्रावणबाळ योजना आहे, महिन्याला १,५०० रुपये. पण अट पंधरा वर्षं महाराष्ट्रात रहिवासाची. तलाठ्याने स्पष्ट सांगितलं होतं की बाई इथे राहतच नाहीत हे गावाला ठाऊक आहे, दाखला कसा देऊ? तलाठ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

इकडे आमची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाची. महिन्याला २,००० रुपये. अट पंधरा वर्षं गोव्यात रहिवासाची. मावशींनी ती दुप्पट पुरी केलेली, पण कागद एकही नाही. घर दुसऱ्याच्या नावावर, विजेचं बिल दुसऱ्याच्या नावावर, रेशन कार्डावर त्यांचं नाव कधी चढलंच नाही. पगार हातात आणि कधी कधी नुसता जेवणखाण.

म्हणजे नदीच्या एका काठावर कागद आहेत पण रहिवास नाही, दुसऱ्या काठावर रहिवास आहे पण कागद नाहीत. दोन्ही राज्यांचा नियम एकच, पंधरा वर्षांचा, आणि मावशी नेमक्या दोन्हींतून निसटल्या. फक्त केंद्राचं म्हणावं असं वृद्धापकाळ निवृत्तीवेतन आहे, त्यात ऐंशीच्या आतल्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये, तोही दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलं तर. भारतात नागरिकत्व एकच आहे, राज्याचं वेगळं नागरिकत्व नाही, असं आपण शाळेत शिकतो. पण राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात भेदभावाला मनाई आहे ती जन्मस्थानावरून, रहिवासावरून नाही. त्यामुळे राज्यांना रहिवासाची अट घालता येते. छोट्या राज्याला ती लागते हेही मी समजते. तिजोरी मर्यादित आहे. पण ज्या बाईने तीस वर्षं याच मातीत दुसऱ्याचं आजारपण काढलं, तिला 'बाहेरची' म्हणताना माझी जीभ रेटत नाही.

त्या घराचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. त्याचे वडील १९६१पूर्वी, गोवा पोर्तुगीजांकडे असताना जन्मलेले, म्हणून लिस्बनला नोंद करून त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला. तो पासपोर्ट घेतल्यावर भारतीय नागरिकत्व संपतं, तसं त्याचं संपलं. त्यावरून गोव्यात लोक एकमेकांना फार बोलतात. मला त्यात शिरायचं नाही, पोटासाठी गेलेल्या माणसाला मी नावं ठेवत नाही. पण हिशेब बघा. मावशींचा जन्म नदीपलीकडे, प्रजासत्ताक झाल्यानंतरचा; त्या जन्मापासून भारतीय. त्यांची मालकीण नदीच्या अलीकडे पोर्तुगीज अमलात जन्मली आणि मुक्तीनंतर, १९६२च्या आदेशाने भारतीय झाली. मुलगा आता भारतीय नाही, पण घर त्याचं, गावदेवीच्या महाजनांत, म्हणजे देवळाच्या हक्कदारांत, त्याचं नाव, जत्रेला आला की मान त्याचा. देवीला रोजचे हार करणाऱ्या मावशींचं नाव मात्र वाड्यावरच्या कुठल्याच वहीत नाही. गावाचेही आपले थर असतात: गांवकर (गावाची मूळ घराणी), महाजन, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे), आणि सगळ्यांत शेवटी भायले. सरकार कागद विचारतं, गाव कूळ विचारतं. दोन्हींची उत्तरं नसलेली माणसं आमच्या वॉर्डात दर महिन्याला असतात.

पंच बाईने तेच मान खाली घालून सांगितलं, "मावशी आमच्या वाड्याच्या, पण यादीत नाहीत गो." मी म्हटलं, यादीचं नंतर बघू, आधी आज रात्रीचं सांगा.

मग बायका बोलायला लागल्या. सकाळचं उठवणं आणि न्हाणं शेजारची करणार. दुपारचं जेवण देवळातून येईल. पुजाऱ्याच्या घरच्यांनी आपणहून निरोप दिला होता. दुपारनंतर गवंड्याची बायको येऊन बसेल. तिला मराठी तोडकं येतं, पण मावशींचं आणि तिचं जमतं, कारण तिच्या बाळंतपणात गरम पाणी आणि पेज मावशींनीच दिली होती. रात्रीला वाड्यावरची एक विधवा झोपायला येईल. भाचा रविवारी. मी ते सगळं कागदावर उतरवलं, प्रत्येकीचा फोन नंबर लिहिला, आणि एक जण आजारी पडली तर कोण, हेही विचारून घेतलं. वॉकर कसा धरायचा, कमोडची खुर्ची कुठे मिळेल, गुठळी होऊ नये म्हणून पाय कसा हलवायचा, हे फिजिओथेरपिस्टने सगळ्यांसमोर दाखवलं. गवंड्याच्या बायकोने ते दोनदा करवून घेतलं.

अशा वेळी 'गोव्यात माणुसकी अजून जिवंत आहे' म्हणून टाळ्या वाजवायचा मोह होतो. माणुसकी होती, माझ्या डोळ्यांसमोर होती. पण त्या कागदावर नाव दिलेल्या बायकांपैकी दोघी साठीच्या पुढच्या, एकीचे गुडघे गेलेले, आणि गवंड्याचं काम संपलं की ते कुटुंब दुसऱ्या साईटवर जाणार. असा कागद काही आठवडे चालतो, काही वर्षं चालत नाही. डायपरचे पैसे, गोळ्यांचे पैसे, रात्रीच्या बाईला दोन रुपये, हे कुठून येणार? शेजारणींच्या मायेवर सरकारने आपलं काम ढकलू नये. पेन्शन हातात असली तर शेजारीणही न संकोचता मदत करते, आणि मावशींनाही ती घेताना मिंधं वाटत नाही.

म्हणून त्याच दुपारी मुलाला इंग्लंडला व्हिडिओ कॉल लावला. तो मावशींना बघून रडला. "आईचं सगळं हिनेच केलं. किती पैसे पाठवू?" मी म्हटलं, पैसे पाठवा, जरूर पाठवा, पण मला दोन कागदही हवेत. एक, या बाई तुमच्या घरात कधीपासून राहतात त्याचं पत्र. दुसरं, तुमच्या आईचे इस्पितळातले जुने कागद काढायची संमती.

दुसरा कागद मागायचं सुचलं ते शेजारणीने आणलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीमुळे. मावशींचे कपडे आणायला ती घरी गेली, तेव्हा ट्रंकेत मालकिणीची सगळी डिस्चार्ज कार्डं आणि रक्तातल्या साखरेची नोंदवही सापडली; मावशींनी एकही कपटा टाकला नव्हता. साखरेच्या वहीत सुरुवातीची अक्षरं मालकिणीची, नंतरची मावशींची, साक्षरता वर्गात शिकलेली, मोठी मोठी. मी मनात म्हटलं, हिने एवढ्या वेळा पेशंट भरती केला असेल, तर सही कुणी केली असेल?

संमती आल्यावर रेकॉर्ड रूममधून भरतीचे कागद निघाले. २००३पासून मालकिणीच्या निधनापर्यंतचे. प्रत्येक भरतीच्या फॉर्मवर 'सोबतची व्यक्ती' म्हणून रकाना असतो. कुणाचं लक्ष जात नाही त्याच्याकडे. त्यात दर वेळी मावशींचं नाव, खाली सही, आणि पत्त्यात पेडण्यातलं ते घर. नात्याच्या रकान्यात आधी 'कामवाली', मग एकदा 'शेजारीण', आणि शेवटच्या भरतीला 'बहीण'. मी मावशींना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिनाच सांगल्यान नर्सीक. मी नाय सांगलंय."

दुसऱ्या माणसाची शुश्रूषा करताना झालेल्या सह्या, त्याच त्यांच्या रहिवासाचा पुरावा झाल्या. मामलेदार कचेरीत त्या प्रती, मुलाचं पत्र आणि पंचायतीचं पत्र एकत्र जोडून दिलं. तलाठी चौकशीला आले तेव्हा वाड्यावरच्यांनी जबाब दिले. पोदेरही आला, आपली पावाची टोपली बाजूला ठेवून. कचेरीतल्या एका ज्येष्ठ कारकुनाने भरतीचे कागद एकेक करून वाचले आणि काही न बोलता वर्षांची यादी स्वतःच्या हाताने करून फाईलला लावली. त्या माणसाचे मी आभार मानते. अशी माणसं कचेऱ्यांत असतात, आणि नियमांत जागा असली तर ती शोधून काढतात.

रहिवास दाखला मिळाला. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ भरला आहे, आधारचा पत्ता बदलला आहे. दयानंद योजनेचा अर्ज समाजकल्याण खात्यात आहे. मी पाठपुरावा करते आहे. मावशी वॉकरने तुळशीपर्यंत जातात.

आता वाचणाऱ्यांना एक विनंती. गोव्यातल्या कितीतरी घरांत अशी एखादी बाई असते, आजीला आंघोळ घालणारी, आजोबांना भरवणारी. सिंधुदुर्गातली, बेळगावकडची, झारखंडची. तिचा पत्ता कुठला आहे ते आजच विचारा. आपल्या घरात राहते असं पत्र तारीख घालून लिहून द्या, पगार बँकेत टाका म्हणजे दर महिन्याची नोंद राहील, फॉर्म ८ भरायला तिच्यासोबत जा. भरतीच्या फॉर्मवर तिचं पूर्ण नाव लिहा, नुसतं 'कामवाली' लिहू नका. आणि ते कागद जपून ठेवा, तिच्या नावाची वेगळी फाईल करून.