नुआर कपाटाची नोंद: लुई मालची रात्र पडद्यावर आणताना

मंडळी, माझ्या नुआर (म्हणजे जुन्या, काळोख्या गुन्हेपटांच्या) कपाटाच्या मागच्या नोंदीत टीव्हीच्या सेटिंग्जचं घोंगडं भिजत ठेवलं होतं, ते आता बरंचसं वाळलं आहे. निमित्त झालं क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क-कंपनीने काढलेल्या 'एलेव्हेटर टू द गॅलोज'चं. लुई मालचा १९५८चा सिनेमा, मूळ फ्रेंच नाव 'आसांसर पूर लेशाफो', रिस्टोरेशन (जुन्या फिल्मची डिजिटल डागडुजी) २के, म्हणजे सुमारे दोन हजार पिक्सेल रुंदीचं, ब्लू-रे २०१८ची. अमेरिकेहून भाचा येणार होता, त्याच्या बॅगेत ती घरी आली.

आधी रिजनचं, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल त्या विभागणीचं सांगतो, कारण नव्याने या नादाला लागलेले तिथेच अडकतात. ही डिस्क रिजन ए आहे आणि भारत ब्लू-रेच्या नकाशात रिजन सीमध्ये येतो. इथे दुकानातून घेतलेला साधा प्लेअर ती डिस्क वाजवणार नाही. माझ्याकडे मल्टिरिजन प्लेअर आहे म्हणून निभावलं. ४के यूएचडी डिस्कना ही भानगड नसते, पण जुन्या कृष्णधवल सिनेमांतलं कितीतरी अजून साध्या ब्लू-रेवरच आहे. तेव्हा प्लेअर घेताना पैसे तिथे घाला, स्पीकर नंतर.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात: ज्युलियाँ (मोरिस रोने) आपल्या मालकाचा खून करतो, मागे राहिलेला दोर काढायला परत इमारतीत शिरतो, आणि शनिवारची संध्याकाळ म्हणून पहारेकरी वीज बंद करून निघून जातो. ज्युलियाँ लिफ्टमध्ये. बाहेर त्याची गाडी एक पोरगा आणि त्याची मैत्रीण पळवतात. मालकाची बायको फ्लोराँस (जान मोरो), जिच्यासाठी हे सगळं केलं, ती रात्रभर पॅरिसभर त्याला शोधत हिंडते.

ते हिंडणं म्हणजे या डिस्कची खरी परीक्षा. कॅमेरामन आँरी देकाए. त्याने ट्राय-एक्स ही वेगवान (कमी उजेडातही चालणारी) फिल्म वापरली, जी त्या काळच्या 'शिस्तीतल्या' लोकांना फार दाणेदार वाटायची; दाणा म्हणजे फिल्मवरचे ते बारीक ठिपके. शाँझ-एलिझेवर मोरो चालते ती दुकानांच्या काचांतून येणाऱ्या उजेडात, आणि कॅमेरा बाबागाडीत ठेवून ढकललेला. चेहऱ्यावर मेकअप नाही. लॅबमधले तंत्रज्ञ रश प्रिंट (चित्रणाची कच्ची प्रत) पाहून निर्मात्याकडे तक्रार घेऊन गेले होते की माल आणि देकाए मोरोचा चेहरा वाया घालवताहेत. आज त्याच चेहऱ्यासाठी आपण डिस्क मागवतो!

आता माझ्या टीव्हीचं. कंपनीने दिलेल्या 'सिनेमा' मोडमध्येही नॉइज रिडक्शन (चित्र गुळगुळीत करणारी सोय) थोडं चालूच होतं. ते दाणा पुसतं, आणि ट्राय-एक्सचा दाणा पुसला की मोरोचे गाल मेणाचे दिसतात. मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे सफाईदार करणारी सोय) बंद केलं, नॉइज रिडक्शन दोन्ही प्रकारचं बंद, शार्पनेस खाली आणला. मग दाणा परत आला, आणि ओल्या रस्त्यावरचे दिवे पसरट डागांऐवजी दिव्यांसारखे दिसायला लागले. माझं मत ठाम आहे: रिस्टोरेशनने ओरखडे, धूळ आणि थरथर काढावी, दाण्याला हात लावू नये. या डिस्कने तो लावलेला नाही. ऑनलाइन स्ट्रीमवर हाच प्रसंग पाहाल तर रात्रीचं आभाळ चौकडी पडल्यासारखं दिसेल, कारण दाणा कॉम्प्रेशनला फार महाग पडतो आणि स्ट्रीमकडे तेवढा बिटरेट (दर सेकंदाला येणारा डेटा) नसतो.

करड्या रंगाचा किस्सा वेगळा. कृष्णधवल सिनेमा टीव्हीचा व्हाइट बॅलन्स (पांढऱ्या-करड्यात कुठल्या रंगाची झाक येते ते ठरवणारी सेटिंग) उघडा पाडतो. रंगीत सिनेमात जरासा हिरवा झाक कुणाच्या लक्षात येत नाही, इथे मात्र पोलीस ठाण्यातल्या चौकशीच्या प्रसंगात लगेच कळतं. तो प्रसंग आठवा: पोलीस अधिकारी झालेला लिनो व्हाँच्युरा, रोने आणि भोवती नुसता काळोख, भिंतीच नाहीत. माझ्या पडद्यावर तो काळोख किंचित शेवाळी होता. व्हाइट बॅलन्समध्ये हिरव्याचा ऑफसेट (गडद भागातलं त्याचं प्रमाण) एकेक पायरी उतरवत गेलो आणि आता तो काळा आहे. बाल्कनीच्या काचेला जाड पडदा लावला तो वेगळा, नाहीतर समोरच्या सोसायटीचा हॅलोजन थेट व्हाँच्युराच्या डोक्यावर. घरच्यांनी पडद्याच्या रंगावर जे मत दिलं ते इथे लिहीत नाही.

चौकटीबद्दल एकच: चित्र १.६६ आहे (रुंदी उंचीच्या १.६६ पट, टीव्हीपेक्षा थोडी कमी), म्हणजे दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या राहणारच. झूम करून त्या घालवू नका, मोरोच्या कपाळाला कात्री लागते.

आवाज मोनो (एकाच चॅनलचा), अनकॉम्प्रेस्ड. जॅझचा अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने ४ डिसेंबर १९५७च्या रात्री पॅरिसच्या पोस्त पारिझियाँ स्टुडिओत, पडद्यावर प्रसंग पाहत पाहत हे संगीत वाजवलं. सोबत बार्नी विलेन, रने उर्त्रेजे, पिएर मिशलो आणि ड्रमवर केनी क्लार्क. रिसीव्हरचे सगळे 'सराउंड' प्रकार बंद करून ट्रम्पेट मधल्या स्पीकरमधून येऊ दिला. मला तो तसाच आवडला. दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून ऐकणारे मित्र भांडतील, भांडू देत. रेकॉर्डिंगच्या वेळचं चित्रण एक्स्ट्रॉमध्ये आहे, ते सिनेमाआधी पाहू नका.

शेवट ठाऊक नसेल तर पुढची दोन वाक्यं गाळा. सगळा उलगडा फोटो डेव्हलप होणाऱ्या ट्रेमध्ये होतो, पाण्याखाली चेहरे हळूहळू उमटत जातात, आणि तिथे करड्याच्या सगळ्या पायऱ्या वेगवेगळ्या दिसल्या नाहीत तर मघाची सगळी मेहनत वाया. माझ्याकडे सगळ्यात गडद दोन अजून एकमेकींत मिसळतात, त्यामुळे गॅमाचं (काळ्या-पांढऱ्यामधल्या छटांची उजळी ठरवणाऱ्या सेटिंगचं) काम बाकी आहे.

पुढे देकाएचेच आणखी दोन लावायचे आहेत, मेलव्हिलचा 'बॉब ल फ्लाँबर' आणि त्रुफोचा 'द फोर हंड्रेड ब्लोज'. कुणाकडे 'बॉब'ची चांगली ट्रान्स्फर (फिल्मवरून डिस्कवर उतरवलेली प्रत) असेल तर कुठली ते कळवा.