तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात अजून ड्रिल का?

पुण्यात मी गेली २२ वर्षं जपानी शिकवते. नव्या बॅचचा पहिला आठवडा सरला की कुणीतरी वर्ग सुटल्यावर मागे थांबतं. "सेन्सेई, सगळ्यांनी मिळून एकच वाक्य पुन्हा पुन्हा कशाला म्हणायचं? शाळेतल्या घोकंपट्टीतून सुटलो, म्हणून तर हौसेनं भाषा शिकायला आलो." प्रश्न रास्त आहे. जिन्यात उभ्या उभ्या त्याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

ड्रिल म्हणजे काय, ते आधी सांगते. मी म्हणते, "पान ओ ताबेमास", म्हणजे पाव खाते. (जपानीतला 'पान' आणि आपला 'पाव', दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले.) वर्ग ते म्हणतो. मग मी नुसता शब्द टाकते, "साकाना". वर्ग पावाच्या जागी मासा घालून अख्खं वाक्य परत देतो. "गोहान", भात. पुन्हा अख्खं वाक्य. मग होकाराचा नकार करायचा, आजचं काल करायचं. चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, बरोबर आलं की पुढे. संस्कृतच्या तासाला 'रामः रामौ रामाः' म्हणायचो, त्याहून हे वेगळं. तिथे सुटी रूपं पाठ व्हायची, इथे रूप नेहमी वाक्यात बसूनच तोंडात येतं.

ही पद्धत अमेरिकेत लष्करामुळे वाढली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला जपानी, जर्मन, चिनी बोलणारी माणसं तातडीनं हवी होती. १९४३ च्या सुमारास ५५ विद्यापीठांत वर्ग सुरू झाले. छोटे गट, समोर ती भाषा घरी बोलणारा माणूस, शेजारी भाषाशास्त्रज्ञ आणि तासन् तास सराव. पुढे १९५७ च्या ऑक्टोबरात रशियानं स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, अमेरिका हादरली, आणि १९५८ च्या कायद्यानं विज्ञान, गणिताबरोबर परकीय भाषांसाठीही सरकारी पैसा आला. शाळाशाळांत हेडफोन आणि टेपची भाषा-प्रयोगशाळा उभी राहिली. सैन्याच्या वर्गांतली कवायत शाळांनी उचलली. पण सैन्याच्या वर्गात समोर जिवंत माणूस बसलेला होता आणि शिकणाऱ्याला भाषेची निकड होती, ते दोन्ही मागे राहिलं. माझ्या मते या पद्धतीची बदनामी इथूनच सुरू झाली.

तिच्यामागचा विचार वर्तनवाद्यांचा होता. भाषा म्हणजे सवय, आणि योग्य प्रतिसादाला शाबासकी मिळत गेली की सवय पक्की होते. त्यांच्यातला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर याचं भाषेवरचं पुस्तक १९५७ मध्ये आलं आणि १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं त्यावर लांबलचक, कठोर परीक्षण लिहिलं. माणूस कधीही न ऐकलेली वाक्यं रोज बोलतो, त्याचं काय? आपल्याच घरात बघा. तीन वर्षांचं पोर सांगतं, "मी करलं." 'केलं' हेच सगळे बोलतात, 'करलं' त्याच्याकडून कुणीही घोकून घेतलेलं नसतं. ते पोरानं स्वतः नियम लावून बनवलेलं असतं. मला चॉम्स्कीचं म्हणणं पटतं.

तरीही मी ड्रिल घेते, कारण जीभ आणि कान यांना नियम सांगून भागत नाही. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे काप, 'कीते' म्हणजे ऐक. त्यातला जोड 'त्त' आपल्याला सहज जमतो, मराठीत तो आहेच. पण ऱ्हस्व 'कि' आणि दीर्घ 'की' यांत आपण अडकतो. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका का होतात? बोलताना आपला कान तो फरक धरत नाही म्हणूनच. तो कान पन्नास वेळा ऐकून, पन्नास वेळा म्हणूनच तयार होतो. क्रियापदांचंही तसंच. विनंती करताना त्यांचं रूप बदलतं: काकु (लिहिणं)–काइते, योमु (वाचणं)–योन्दे, मात्सु (थांबणं)–मात्ते. नियम फळ्यावर मावतो, पण दारात उभ्या माणसाला "मात्ते कुदासाइ", जरा थांबा, असं म्हणायचं तर नियम आठवेपर्यंत तो निघून गेलेला असतो.

आता माझी चूक. सुरुवातीची काही वर्षं मी नुसतं ड्रिलच घ्यायची. वर्ग असा खणखणीत बोलायचा की मला अभिमान वाटायचा. एके दिवशी शब्द टाकता टाकता मी मनानंच बनवलेला एक शब्द टाकला, "गोरोपु". असा शब्द जपानीत नाही. अठराच्या अठरा जणांनी न अडखळता म्हटलं, "गोरोपु ओ ताबेमास." गोरोपु काय असतं, असं एकानंही विचारलं नाही. मी खुर्चीवर बसले. आपण काय खातोय हेसुद्धा माहीत नसताना माणसं बिनचूक बोलत होती, आणि ते मीच त्यांना शिकवलं होतं.

तेव्हापासून ड्रिल दहा मिनिटांच्या वर जात नाही. मध्येच मी न कळणारा शब्द टाकते, आणि "म्हणजे काय?" असं जपानीत विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा नियम आहे. शेवटची फेरी खऱ्या उत्तरांची. आज सकाळी काय खाल्लं? ज्यानं पोहे खाल्ले त्यानं पोहेच म्हणायचे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळच्या बॅचला एक निवृत्त गृहस्थ येतात, सगळे त्यांना काका म्हणतात. त्या फेरीत "पान ओ ताबेमाशिता", "पोहे ओ ताबेमाशिता" असं करत पाळी काकांवर आली. ते थांबले. नकाराचं भूतकाळी रूप आदल्याच दिवशी झालं होतं. मग सावकाश, एकेक अक्षर जोडत म्हणाले, "नानि मो ताबेमासेन देशिता." काहीच खाल्लं नाही. "क्यो वा संकष्टी देस." आज संकष्टी आहे. वर्ग एकदम त्यांच्याकडे वळला. पुढचं वाक्य त्यांना हवं होतं, पण शब्द नव्हता. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवून मला विचारलं, "सेन्सेई, चंद्राला काय म्हणतात?"

मी फळ्यावर 'त्सुकी' लिहिलं. उरलेली फेरी तशीच राहिली.