सरकारी वकील, पण आपला

चुलत्याशी बांधावरून भांडण झालं आणि धाकट्या भावावर ‘तीनशे सात’ लागलं, म्हणजे खुनाचा प्रयत्न. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १०९ झालंय, पण गेवराईकडं अजून तीनशे सातच म्हणतात. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, समोरच्याला इजा झाली असेल तर जन्मठेपसुद्धा.

पहिला वकील खासगी लावला. मुकादमाकडून आणलेल्या उचलीतले चाळीस हजार दिले. तारखेला कधी त्यांचा ज्युनिअर यायचा, कधी कुणीच नाही. जामीन फेटाळल्याचं मला कोर्टातल्या कारकुनाकडून कळलं.

बीडच्या जेलबाहेर मुलाखतीच्या रांगेत एक मावशी म्हणाल्या, “पोराला आतूनच अर्ज करायला लाव, सरकारी वकील मिळतो.” मला हसूच आलं. सरकारी वकील तर आपल्याला आत ठेवायला उभा राहतो! जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेल्यावर गोंधळ मिटला. आरोपीच्या बाजूनं लढणारं कार्यालय वेगळं. त्याला लोकअभिरक्षक म्हणतात. नाव एवढं जड ठेवल्यावर गावाकडं कुणाला कळणार?

त्याआधी मी दोन दिवस तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी घालवले होते. ते वायाच गेले. तीन लाखांची मर्यादा बाहेरच्यांना. कोठडीत असलेल्याला आणि बाईमाणसाला उत्पन्न विचारतच नाहीत. फक्त जुन्या वकिलाची ना-हरकत हवी होती, आणि ते म्हणाले, “राहिलेले पंधरा हजार आणा, मग सही करतो.” शेवटी तारखेला धाकट्यानंच न्यायाधीशांना सांगितलं, मला वकील बदलायचाय. कोर्टानं परवानगी दिली.

लोकअभिरक्षक कार्यालयातल्या नव्या वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, “जखमेचा दाखला वाचलाय कुणी?” कुणीच वाचला नव्हता. फिर्यादीत कुऱ्हाडीचा घाव होता. दाखल्यात मात्र हातावर एक साधी जखम, ‘कठीण व बोथट वस्तूने’. म्हणजे दांडा. धाकटा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता. दोषारोपपत्र आल्यावर मॅडमनी त्याच एका ओळीवर पुन्हा जामिनाचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

तरी धाकटा आठ दिवस आतच. जामीनदार मिळेना. भावकीतलं भांडण, त्यामुळं गावात कुणी सातबारा काढून द्यायला तयार नाही. एकाचा सामाईक निघाला, दुसऱ्याच्या बायकोनं उंबऱ्यातूनच परत पाठवलं. शेवटी माजलगावहून मामा आला, तलाठ्याच्या मागं फिरून ऐपतीचा दाखला काढला.

खटला चालू आहे. चुलत्याची उलटतपासणी झाली, आता डॉक्टरांची साक्ष आहे. मॅडमना पगार प्राधिकरणाकडून मिळतो, हे आईला चारदा सांगून झालं. तरी तारखेच्या आदल्या रात्री तिचं सुरू होतंच, “पैसे घेत न्हाई ती बाई. मंग आपल्या बाजूनं कशी बोलंल?”