सहीखालची रेघ

आमच्या अशील, वादी आजी ८१ वर्षांच्या. खुबा मोडलेला, गिरगावच्या चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. उलटतपासणी व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने, व्हावी म्हणून दिलेला आमचा पहिला अर्ज फेटाळला गेला, आणि ते योग्यच होतं. डॉक्टरांच्या दाखल्यात नुसता 'विश्रांतीचा सल्ला'. प्रवास का नको, किती दिवस नको, याबद्दल अक्षर नाही. प्रतिज्ञापत्र जोडलेलं नाही. त्यात अर्ज दिला तारखेच्याच सकाळी.

कायद्याची अडचण नव्हतीच. मुंबईतल्याच एका खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची साक्ष व्हीसीवर घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली मान्यता दिली आहे. असे अर्ज अडतात ते अपुऱ्या कागदांमुळे.

दुसऱ्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाचे २०२२ चे व्हीसी नियम समोर ठेवूनच अर्ज लिहिला. आधी विरुद्ध बाजूच्या वकिलांना फोन केला. त्यांच्या शंका दोन: आजींना कुणी पढवलं तर? आणि कागद दाखवायचे कसे? दोन्ही रास्त. म्हणून उत्तरं अर्जातच घातली. खोलीत कोर्टाने नेमलेल्या समन्वयकाशिवाय कुणी नसेल, सुरुवातीला कॅमेरा खोलीभर फिरवला जाईल, पान क्रमांक घातलेला कागदांचा संच समन्वयकाकडे सीलबंद असेल. व्हीसी नाही तर घरी जाऊन साक्ष नोंदवायला कोर्ट कमिशनर नेमावा, अशी पर्यायी विनंतीही केली. आजारी साक्षीदारासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ मध्ये ती सोय आहे. विरुद्ध बाजूचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, आलं: या अटींवर हरकत नाही. अर्ज मंजूर झाला.

तारखेला अर्धा तास आधी चाचणी घेतली. आजींचा आवाज घुमत होता, कारण समन्वयकाचा मोबाइलही त्याच खोलीतून त्याच लिंकवर होता. तो बंद केल्यावर आवाज मोकळा झाला.

खरी अडचण आली निशाणी (पुराव्यातला क्रमांकित कागद) म्हणून दाखल असलेल्या करारनाम्यावर. पडद्यावरची सही बघून आजी म्हणाल्या, "साहेब, माझ्या सहीखाली रेघ असते. इथे दिसत नाही." न्यायाधीशांनी फाइलमधला मूळ करार काढून पाहिला. रेघ होती. आमच्या स्कॅनमध्ये पानाची खालची कड कापली गेली होती. सीलबंद संचात मात्र पूर्ण पानाची रंगीत झेरॉक्स होती. समन्वयकाने ती समोर धरली, आजींनी बोट ठेवलं: "ही माझी."

संध्याकाळी साक्षीच्या टाइप प्रती गिरगावात पोचल्या. समन्वयकासमोर आजींनी पानोपानी सही केली, प्रत्येक सहीखाली रेघ ओढून.