वाड्यामागे दोन खोल्या आणि शंभर मीटरची रेघ

परसात दोन खोल्या आणि बाथरूम काढायचं, पुढचा वाडा आहे तसा ठेवायचा, एवढाच आमचा बेत होता. दिंडी दरवाजा, चौक, सोप्याचे सागवानी खांब, माजघरावरचा कडीपाट, कशालाच हात लावायचा नव्हता. भाऊबंदांच्या सह्याही झाल्या (हे केवढं मोठं काम आहे ते वाड्यात राहणाऱ्यांनाच कळेल). आर्किटेक्टने नकाशा केला, आणि मग फाइल जी अडकली ती अडकलीच.

कारण आमच्या गल्लीच्या तोंडाशी केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र. तिथे नवं बांधकाम नाही. फक्त डागडुजी, तीही परवानगी काढून. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. तिथे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडून अर्ज तपासून आला की बांधता येतं. आता जुन्या वाड्यांच्या जागा तुम्हाला ठाऊक आहेत: दर्शनी बाजू अरुंद आणि मागे लांबच लांब. आमचं दार शंभर मीटरच्या आत, परस बाहेर. म्हणजे सरळ नियमात बसणारं प्रकरण.

बांधकाम परवानगीच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी मोबाइलवर नकाशा उघडला, स्मारकापासून आमच्या दारापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुमचं आतच येतं."

"अहो, पण खोल्या दारात नाहीत, परसात आहेत."

"मिळकत एकच ना? मग आतच."

पुढे अंतराचा दाखला मागितला. दाखला देणारे म्हणाले, मोजणीचा नकाशा आणा. तो आणला, तर त्यावर स्मारकाची हद्दच नाही. कशी असेल? मोजणी आमच्या मिळकतीची होती! तेवढ्यात साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. कोणी नाही म्हणेना, कोणी हो म्हणेना. या काळात मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुटलं ते एका कागदाने. स्मारकाची संरक्षित हद्द, आमच्या मिळकतीची हद्द आणि त्यातून जाणारी शंभर मीटरची रेघ, हे तिन्ही एकाच नकाशावर प्रमाणात काढून घेतलं. रेघ माजघराच्या मागच्या भिंतीशी येत होती. नव्या खोल्या तिच्या पलीकडे, वेगळ्या रंगात. सोबत पत्र दिलं: परवानगी नाकारायची तर कारणासह लेखी नाकारा. कायद्यात मुदतीही आहेत. सक्षम प्राधिकाऱ्याने (म्हणजे अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्याने) तो १५ दिवसांत पुढे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत कळवायचं, त्यानंतर महिनाभरात निर्णय. पत्रात या मुदतींच्या कलमाचा, २०-घ चा, उल्लेख केला आणि फाइलला पाय फुटले. तोंडी नकार कधीही ऐकून परत येऊ नका.

बांधकाम त्यामानाने सुखाचं झालं. नव्या खोल्यांचा पाया स्वतंत्र ठेवला, जुन्या भिंतीवर भार टाकला नाही, मध्ये सांधा सोडला. जायला-यायला जुनं परसदारच वापरलं, भिंत फोडली नाही. आणि जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करा म्हणणाऱ्या ठेकेदाराला चहा पाजून घरी पाठवा. ओल आत कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात. तिथे चुनाच हवा. तो आधीच भिजत घाला, गवंडी दारात आल्यावर नव्हे.

राहिलंच: परवानगीसाठी उंची मोजताना जिन्यावरची टोपी (गच्चीवर जिन्याला केलेलं छप्पर) आणि पाण्याची टाकीही धरतात. नकाशा करतानाच आर्किटेक्टला सांगा.

सगळ्या मंजुऱ्यांच्या प्रती घरी जपून ठेवा. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी त्याच खिडकीवर तोच अंतराचा नकाशा पुन्हा मागितला. म्हणे, फाइलमध्ये दिसत नाही.