अंगठ्यावरची चामखीळ: बिब्बा ते ॲसिड

कापूस वेचणीच्या दिवसांत लेकीनं अंगठा पुढे केला. "आई, पेन्सिल धरली की दुखते." नखाच्या कडेला खरबरीत चामखीळ, मधल्या बोटाला आणखी दोन. बोंडाचं टरफल टोचलं असेल म्हणून मी महिनाभर लक्षच दिलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "बिब्बा लाव, झडून जाते." लावला. चामखीळ जागेवरच राहिली, बाजूची चांगली कातडी मात्र फोड येऊन सोलली. पोरगी दोन रात्री रडली. बिब्ब्याचं तेल भाजतं हे आपल्याकडे लेकरालाही ठाऊक, तरी हात तिकडेच जातो.

जखम भरल्यावर यवतमाळला चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं. हा विषाणूचा प्रकार, नखं कुरतडली की एका बोटावरून दुसऱ्यावर जातो, म्हणाले. (आमची बाई टीव्हीपुढे बसली की दहाही बोटं तोंडात.) बऱ्याच मुलांच्या वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, पण हिचं दुखत होतं. द्रव नायट्रोजननं गोठवणं लहान मुलांना सोसत नाही आणि नखाच्या मुळाला इजा झाली तर नख वाकडं येऊ शकतं, म्हणून आधी १७ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं औषध दिलं.

मग रोज रात्री तेच. कोमट पाण्यात दहा मिनिटं बोट बुडवायचं, मऊ झालेली पांढरी कातडी कानशीनं हळू घासायची, आजूबाजूला व्हॅसलिन, काडीच्या टोकानं औषधाचा थेंब फक्त चामखिळीवर, वरून चिकटपट्टी. कानस तिची वेगळी, दुसऱ्या कुणी वापरायची नाही. चौथ्या आठवड्यात मी घाईत व्हॅसलिन विसरले आणि बोट लाल झालं. तीन दिवस सगळं बंद. तेव्हा वाटलं, हे काही जमत नाही बाप्पा. चामखीळ तशीच, वर पोरीची कुरकुर.

नवव्या आठवड्यात घासताना आतले काळे ठिपके विरळ दिसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या. अकराव्या आठवड्यात मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहिलं, तर ठिपके नव्हते आणि बोटाच्या रेषा त्या जागेवरून सरळ पलीकडे गेल्या होत्या. चामखीळ असली की रेषा तिथे तुटतात. डॉक्टरांनीही अंगठा बघून तिथलं औषध थांबवलं.

मधल्या बोटाची एक गेली, एक अजून आहे. तिचं कोमट पाणी रोज रात्री चालूच आहे. नखं कुरतडणंही.